मे महिन्याचा शेवटचा आठवडा

दि. ९ नोव्हेंबर

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. इकडे सर्व ठीक आहे, तिकडे तुम्हीही सगळे ठीक असाल, हे वाक्य पत्रात घालायची पद्धत आहे म्हणून घातलं. बाबांची तब्येत वयाच्या मानाने बरी म्हणायची. डावा डोळा पूर्ण गेला. उजव्याने दार कुठे आणि भिंत कुठे एवढं कळतं. गुडघे कुरकुरतात, तरी पहाटेचा किनाऱ्यावरचा फेरा चुकवत नाहीत.

मी फोन उचलत नाही म्हणून पत्र लिहिलंस, असं म्हणतोस. खरं आहे. उचलत नाही. अकरा वर्षांत तू तीन फोन केलेस आणि तिन्ही वेळा मी समोर बसून तो वाजताना बघितला. गैरसमज नको म्हणून सांगते, मी कामात नव्हते.

तर तुझा प्रश्न. ‘ताई, मुलींना समुद्र बघायचाय. कोणत्या महिन्यात आलेलं बरं?’ वाचून माझ्या डोक्याची शीरच उठली. तू मला हे विचारतोस? चालायच्या आधी तू पाण्यात हातपाय मारायला शिकलास. भरतीचा आवाज ऐकून वेळ सांगायचास. बाबा किनाऱ्याचे मुख्य जीवरक्षक आणि तू त्यांच्या हाताखालचा पहिला माणूस. कोणत्या महिन्यात पाणी कसं असतं, हे तुला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगशील. आणि मला विचारतोस, एखाद्या पाहुण्यासारखं.

ठीक आहे. पाहुण्यांना उत्तरं देणं हेच माझं काम आहे. रिसॉर्टच्या बुकिंगच्या टेबलावर मला सोळा वर्षं झाली आणि रोज दहा-बारा जण हेच विचारतात. तुलाही त्यांच्यासारखंच उत्तर देते.

डिसेंबर-जानेवारीत येऊ नकोस. पाय ठेवायला जागा नसते. सकाळपासून गाणी लावतात, लाटांचा आवाज ऐकू येत नाही, आणि मुलींना समुद्राऐवजी लोकांच्या पाठी दिसतील. आमच्या घरी उतरायचं म्हणशील तर खोल्या दोनच आहेत आणि त्या काळात मला चौदा तास ड्युटी असते. तुझ्या बायकोला चहा करून द्यायलाही मी घरी नसेन. अजून मी तिला पाहिलंही नाही, तेव्हा तिला भावजय म्हणायचं की नाही हेही ठरलेलं नाही.

फेब्रुवारी-मार्चमध्ये जेलीफिश येतात. मागच्या वर्षी एका मुलीच्या पोटरीला चिकटला, ती दोन दिवस रडत होती आणि तिची आई दोन दिवस माझ्याशी भांडत होती, जणू मीच तो पाण्यात सोडला होता. एप्रिलमध्ये वाळू इतकी तापते की अनवाणी चालवत नाही. जून ते सप्टेंबर रिसॉर्ट बंद. खुर्च्या दोरीने बांधून प्लॅस्टिकखाली, गाद्यांना कुबट वास, आणि आम्ही चौघीजणी गोदामात बसून फाटक्या चादरी वेगळ्या करत असतो. ऑक्टोबरात खोल्यांना नव्याने दिलेल्या रंगाचा वास जात नाही. नोव्हेंबरात वारा सुटतो, डोळ्यांत वाळू जाते.

झालं उत्तर. आता तू बोटं मोजशील आणि म्हणशील, ताई, मे राहिला.

राहिला नाही. मी गाळला. आता टेबलावर पाहुणे आलेत, बाकीचं घरी जाऊन लिहिते.

दि. १० नोव्हेंबर

काल घरी येऊन लिहिलं नाही. पत्र फाडून टाकावं असं दोनदा वाटलं. पण तुझं पत्र उशाशी होतं आणि त्यातल्या शेवटच्या दोन ओळी मला गप्प बसू देईनात. ‘जुनं काही उकरून काढायला येत नाहीये. मी कुणाला काही बोललो नाही, बोलणारही नाही.’

वा रे वा. केवढं मन तुझं. हे वाचून मी काय करावं अशी तुझी अपेक्षा होती? डोळ्यांत पाणी आणावं? मला तर ती धमकी वाटली. आणि धमकी नसेल तर उपकार, जो त्याहून वाईट. बाबांना सगळी पत्रं मीच वाचून दाखवते, तसं तुझंही दाखवलं, पण या दोन ओळी गाळल्या. ‘एवढंच?’ त्यांनी विचारलं. मी म्हटलं, एवढंच.

त्या दिवसाबद्दल तुला जे माहीत आहे ते तुला माहीत आहे. पण सगळं माहीत नाही. आता ऐक.

त्या वर्षी मे महिन्यात खोल्या ओस पडल्या होत्या. मॅनेजर रोज टेबलाशी येऊन टोमणे मारायचा. तेव्हा एका निवृत्त शिक्षकांचा मेल आला. अगदी शुद्ध भाषा, एक चूक नाही. आम्ही दोघंच आहोत, आयुष्यात पहिल्यांदाच समुद्र बघणार आहोत, तर कोणत्या महिन्यात यावं? आणि मी लिहिलं, मे महिन्याचा शेवटचा आठवडा सर्वांत उत्तम. गर्दी नसते आणि पाणी अगदी शांत असतं.

पाणी शांत असतं, असं मी लिहिलं. बाबांची मुलगी असून. त्या आठवड्यात पाणी खालून कसं ओढतं, हे आपल्या घरात जेवताना बोललं जायचं.

ते आले. तीन दिवस लाल झेंडा होता. बाबा तापाने अंथरुणात, म्हणून पहाटे कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून पाण्याचा अंदाज तूच घेत होतास आणि तूच झेंडा चढवत होतास. तिन्ही दिवस ते गृहस्थ माझ्यासमोर येऊन उभे राहिले. माझा मेल त्यांनी छापून आणला होता, चार घड्या घालून खिशात. आवाज चढवायचे नाहीत. कागद उघडायचे, त्या ओळीवर बोट ठेवायचे आणि म्हणायचे, ‘हे आपणच लिहिलंत ना?’ तिसऱ्या दिवशी मॅनेजरने ते ऐकलं. त्याने मला सगळ्यांसमोर असं झापलं की माझे कान गरम झाले.

चौथ्या दिवशी सकाळी मी पिवळा झेंडा घेऊन वाळूवर आले. गुडघ्याएवढ्या पाण्यात जायला परवानगी, एवढाच त्याचा अर्थ. गुडघ्याएवढ्या पाण्यात पाय भिजवतील, कागद खिशात ठेवतील आणि माझा पिच्छा सोडतील, इतकाच माझा हिशेब होता. तू पायऱ्यांवर चहा पीत बसला होतास. मला झेंड्याच्या दोरीला हात लावताना बघून धावत आलास. आणि मी म्हटलं, ‘बाबांनी सांगितलंय.’

एक शब्द विचारला नाहीस तू. कसं विचारशील? बाबांच्या शब्दाशिवाय त्या दोरीला हात लावायचा नाही आणि बाबांचं नाव घेऊन खोटं बोलायचं नाही, एवढे दोनच नियम आपल्या घरात होते. दुसरं कुणी असतं तर घरी जाऊन बाबांना विचारून आलं असतं, दोन मिनिटांचं तर अंतर. तू लाल झेंडा घडी करून माझ्या हातात दिलास. बाबा तेव्हा तापात बरळत होते. मला काही सांगण्याच्या अवस्थेतच नव्हते.

पुढचं तुला ठाऊक आहे. ते गृहस्थ गुडघ्यापर्यंतच गेले होते. तू त्यांना बाहेर काढलंस तेव्हा उशीर झाला होता.

बाबा अंगात ताप घेऊन दुपारी काठीच्या आधाराने आले. तेव्हा काठी नवीन होती त्यांना. चौकशीला आलेले साहेब, मॅनेजर, सगळा स्टाफ हजर होता. झेंडा कुणी लावला, असं साहेबांनी विचारलं. तू माझ्याकडे बघितलंस. मी रजिस्टरात बघितलं. त्या पानावर काय होतं ते मला आजही सांगता येईल, सहा खोल्यांची नावं आणि एका ठिकाणी शाई सांडलेली.

आणि तू म्हणालास, ‘मी लावला.’

कुणी सांगितलं होतं तुला? मी मागितलं होतं? माझं लग्न ठरत होतं म्हणून? ते लग्न पुढे मोडलंच, त्याच्यासाठी एवढं करायची गरज नव्हती. बाबांनी सगळ्यांसमोर तुझ्या थोबाडीत मारली. तीस वर्षांत त्यांनी माणसं वाचवली होती, कुणावर हात उगारलेला मी पाहिला नव्हता. आठवड्याभरात तू घर सोडून गेलास. तुझा जीवरक्षकाचा परवाना गेला, बाबांनी आपणहून काम सोडलं, आणि मी दुसऱ्या दिवशी पुन्हा टेबलावर जाऊन बसले. पाहुण्यांचे मेल आले होते. कोणत्या महिन्यात यावं?

मला तुझा राग येतो, बारक्या. लोक म्हणतील उलटं आहे. म्हणू देत. तू खरं बोलला असतास तर मला शिक्षा झाली असती, ती भोगून आज मी मोकळी असते. तू मला वाचवलंस आणि अकरा वर्षं त्या वाचवण्याखाली दाबून ठेवलंस. तिकडे तू बायको केलीस, दोन मुली झाल्या, पोहायला शिकवायची नोकरी मिळाली. मी इथे रोज पहाटे बाबांना हाताला धरून किनाऱ्यावर नेते. त्यांना दिसत नाही, म्हणून ते मला विचारतात, ‘आज कुठला झेंडा आहे?’ आणि मी सांगते. ते मान डोलावतात. माझ्यावर त्यांचा पूर्ण विश्वास आहे. याच्यासारखी दुसरी शिक्षा असेल तर मला कळव.

एक गोष्ट कुणालाच सांगितलेली नाही. त्या गृहस्थांची पत्नी सामान न्यायला टेबलाशी आली होती. तिने मला विचारलं, ‘ते पत्र तुम्ही लिहिलं होतं?’ मला वाटलं आता ही माझ्या तोंडावर थुंकेल. ती म्हणाली, ‘फार छान लिहिलं होतं. त्यांनी मला दोनदा वाचून दाखवलं.’ आणि सही करून गेली.

त्यानंतर मी उत्तरांचा मजकूर बदलला. मे महिन्याबद्दल कुणी विचारलं तर लिहिते, पाण्यात उतरता येणार नाही, फक्त बघता येईल. मॅनेजर तीन बदलले, तिघांनीही ती ओळ काढायला सांगितली. मी काढली नाही. याने काही भरून येत नाही, हे मलाही कळतं. शहाणपण शिकवू नकोस.

तू कधी यावंस, हे मी सांगू शकत नाही. तू आलास तर मी तुझ्यासमोर उभी राहू शकणार नाही, आणि तुझ्या मुली मला आत्या म्हणतील ते मला सहन होणार नाही. हे खरं कारण. जेलीफिश वगैरे सगळं खोटं. म्हणजे जेलीफिश असतात, पण त्यांची मला काळजी नाही.

तू माफ केलंयस, असं सुचवणारं पुन्हा कधी लिहू नकोस. माफ करायचं की नाही, हे तुझ्या एकट्याचं काम नव्हतं. बाबांनी तुला मारलं ते माझ्यामुळे, आणि त्यांना ते ठाऊकच नाही. अकरा वर्षं ते रोज दुपारी अंगणात बसून आपला उजवा हात चोळत असतात. सांधे दुखतात म्हणतात. मी तेल लावून देते.

हे पत्र टपालात टाकण्याआधी बाबांना वाचून दाखवणार आहे. पहिल्यापासून. काही न गाळता. वाचता आलं नाही तर हे पत्र तुला मिळणार नाही, आणि तुला काही कळणारही नाही, आणि मी आहे तशीच राहीन. तेव्हा तू हे वाचत असशील तर एवढं समज की बाबांनी शेवटपर्यंत ऐकलं.

दि. ११ नोव्हेंबर

वाचलं.

मधे एकदा मी थांबले तेव्हा म्हणाले, ‘पुढे वाच.’ तेवढंच. संपल्यावर मी तेलाची बाटली घेऊन आले तर हात मागे घेतला. मग म्हणाले, ‘त्याला लिही, ये.’ मी विचारलं, कधी ये म्हणून लिहू? म्हणाले, ‘ते त्याचं तो बघेल. त्याला पाणी कळतं.’

आज पहाटे ते मला न उठवता एकटेच किनाऱ्यावर गेले. तिथे झेंड्याचा रंग त्यांनी एका झाडूवालीला विचारला. मला तिनेच सांगितलं.

आत्ता दारात उभे आहेत, कोपऱ्यावरच्या औषधवाल्याला बरोबर घेऊन. पत्ता तो घालणार आहे आणि टपालपेटीपर्यंत बाबा स्वतः जाणार आहेत. मी म्हटलं, मी टाकते ना. म्हणाले, ‘तुझ्यावर सोडत नाही.’ त्यामुळे पाकिटावरचं अक्षर माझं नाही.

घाई करतायत. संपवते.

तुझी,
जिला तू अजून ताई म्हणून लिहितोस ती