मुळीचे नाव कंपनीला

मंगळवार, संध्याकाळ. शेणवा.

पुतण्या सुनील मुरबाडहून आला. मोबाइलवरून औषधे विकायची कंपनी काढतोय. म्हणाला, "काका, तुमी काविळीला देता त्या मुळीचं नाव सांगा. कंपनीला तेच नाव देऊ, पुढं टेक लावू. जुनं ज्ञान, नवं तंत्र!"

मोबाइल माझ्या तोंडासमोर उभा ठेवलेला. कशाला? मुळीचे नाव उच्चारले की तिचा गुण जातो, असे आई सांगायची. मी बायकोलाही सांगितले नाही. याला नाव हवे की मुळी?

मी म्हटले, "औषध आईनं शिकवलं, तिचं नाव दे. बायजा टेक."

हसला. "आजीच्या नावाला कोण इचारतंय, काका?"

मोबाइल उचलून खिशात टाकला, चहाही न घेता निघाला.

उद्या पहाटे मुळी काढायला जायचे आहे. आता मागे वळून बघत जावे लागेल.