दोन बोटं जास्तीचा कपडा

बाबा, तुमची नात पुण्याहून मधेच घरी आलीय. धड जेवत नाही, फोन पालथा घालून बसते. असलं गप बसणं मला सहन होत नाही, तुम्हाला माहीत आहे. भाकरी थापता थापता म्हटलं, बोल नाहीतर ऊठ इथून. तेव्हा बोलली, आणि तिचं काम काय असतं ते चौथी शिकलेल्या मला पहिल्यांदा कळलं.

माणूस प्रोग्राम लिहितो तो आपल्या सोयीच्या भाषेत. मशीनला उचल, मिळव, ठेव एवढंच कळतं. मधे कंपायलर नावाचा प्रोग्राम असतो, तो लिहिलेलं मशीनच्या बोलीत उतरवतो. नुसतं उतरवत नाही, काम वाचवतो. एकच हिशेब प्रत्येक फेऱ्यात येत असेल तर आधीच एकदा करून ठेवतो. सारखं लागणारं हाताशी ठेवतो, कारण हाताशी जागा थोडी आणि लांबून आणायला वेळ फार. ज्याचा पुढं उपयोग दिसत नाही ते काम काढूनच टाकतो. अट एकच, उत्तर बदलायचं नाही. मी म्हटलं, अगं, हे तर माझे बाबा पुसेगावच्या ओट्यावर करायचे. शाळेचे गणवेश शिवायला आले की सगळ्या कॉलरी एकदम कापायच्या, पांढऱ्या दोऱ्याचं सगळं उरकल्याशिवाय निळा ओवायचा नाही. टेप गळ्यात घालून बसलेले दिसता तुम्ही मला, पायाखाली मशीन पळतंय.

ती हसली नाही. तिनं कंपायलरमध्ये काम वाचवायची एक युक्ती घातली होती. एका गिऱ्हाईकाच्या प्रोग्राममध्ये ओळ होती, पासवर्ड वापरून झाला की पुसून टाका. पुसलेली जागा पुढं कोणी वाचत नाही, म्हणून युक्तीनं ती ओळ फालतू ठरवून काढली. पासवर्ड तसाच उघडा पडून राहिला. साहेब म्हणतो, नियमानं आपलं बराबर आहे. ही ओळ हलवू नका अशी खूण करायची सोय होती, त्यांनी केली नाही, तसंच लिहून पाठव. तिला ते लिहवत नव्हतं, आणि दुसरं काही लिहिलं तर नोकरी राहते का, हे कळत नव्हतं.

मला साखरा गावची ती बाई आठवली. गणवेशांच्या घाईत तुम्ही सगळ्या फ्रॉकांच्या शिवणीतला दोन बोटं जास्तीचा कपडा कापून टाकला होता. आत कोण बघतं, आणि शिवण सरसर जाते. वर्षानं बाई फ्रॉक घेऊन आली, लेकरू वाढलं, उसवून सैल करा म्हणाली. आत काहीच नाही. मीच तिच्यावर तुटून पडले, “कपडा ठेवा म्हणून तुमी सांगितलं होतं का? मापात शिवलं का न्हाई?” तुम्ही माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. “तू आत जाय,” एवढंच. त्या आवाजाचा मला अजून राग येतो.

पोरीनं विचारलं, “मग आजोबा तिला काय म्हणले?”

मी तव्यावरची भाकरी उलटली. “म्हणले, काढलं मीच, बाई. काढायच्या आधी तुला विचारायला पायजे होतं.”

तिनं फोन सुलटा केला, काढलं आम्हीच असं गिऱ्हाईकाला लिहिलं आणि साहेबाला न दाखवता पाठवलं. मग दोन भाकरी खाल्ल्या. आता दुपारची झोपलीय, आणि मी तिच्या फोनकडं बघून बघून वैतागलेय. उत्तर नाही. बसवत नाही म्हणून हे लिहून राहिले, पाठवायचं तर कुठं.

कंपायलरनं आपल्या मनचं काही घालायचं नसतं म्हणे. मी घातलं. त्या दिवशी मी आत जाऊन दार आपटून घेतलं होतं, बाबा. तुम्ही तिला काय म्हणालात, मी ऐकलंच नाही.