दादाच्या हिब्रू प्रवचनातला खोकला

नल्लकुंटा, हैदराबाद

प्रिय प्रमोददादास,
धाकट्या सुलभाचा प्रभूमध्ये सलाम. फोन तू उचलत नाहीस, म्हणून लिहिते.

आईची शुगर ताब्यात आहे, जेवतेही बरी. डोळ्यांना आता फक्त उजेड कळतो. वहिनीची कंबर कशी आहे?

तुझं हिब्रूवरचं प्रवचन व्हॉट्सॲपवर पोचलं. मूळ पवित्र शास्त्रात नुसती व्यंजनं लिहिलेली, स्वर वाचणाऱ्याने आपल्या श्वासातून घालायचे. म्हणून वचन जिवंत माणसाच्या शेजारी बसून ऐकावं, म्हणालास. पुण्याच्या तुझ्या चर्चमधल्या मंडळीने माना डोलावल्या असतील. मला फोन भिंतीवर आपटावासा वाटला. ज्या आईने तुझं बोट ओळीवर धरून तुला शास्त्र वाचायला शिकवलं, तिच्यापाशी बसून एक अध्याय वाचायला तुला दोन वर्षांत सवड झाली नाही. आणि तू लोकांना शिकवतोस!

ती ते रेकॉर्डिंग रोज लावायला सांगते. मधेच एका ठिकाणी तू खोकतोस. तिथे दर वेळी ती उशाजवळचा तांब्या चाचपते, फोनपुढे धरते आणि म्हणते, "आधी पाणी पी रे."

तू थांबत नाहीस. पुढे बोलत राहतोस.

अजून तुझी बहीण म्हणवणारी,
सुलभा