नकोशीचा पाय पाण्याला लागू नये म्हणून

मी, दगडाबाई कोम गेणबा शेंडे, वय अजमासे सत्तर, धंदा पानमळा, राहणार निमगाव केतकी, तालुका इंदापूर, जिल्हा पुणे, डोके ठिकाणावर असताना, कोणाच्या धाकाने नव्हे तर एकाला धाक बसावा म्हणून, हे मृत्युपत्र सांगून लिहवीत आहे. मला अक्षर येत नाही. लिहिणारे दत्तोबा मास्तर शाळेतले आहेत. माझे बोलणे सोज्वळ करण्याची त्यांना खोड आहे. ती आजच्या दिवस आवरावी. मी आजारी नाही. पण कागद मंगळवारच्या आत झाला पाहिजे.

कारण असे. माझा मुलगा महिपती याची मुलगी नकोशी, वय बारा, हिच्या उजव्या घोट्यावर नारूचा फोड आला आहे. आत दोऱ्यासारखा किडा आहे आणि पाय निखाऱ्यावर ठेवल्यासारखा जळतो. महिपती म्हणतो, हा विहिरीतल्या साती आसरांचा, पाण्यातल्या सात देवींचा, कोप आहे. येत्या मंगळवारी पोरीला पायऱ्या उतरवून आसरांपुढे पाण्यात उभी करणार. इंदापूरचे डॉक्टर म्हणतात, फोड पाण्यात बुडाला की किडा तिथे पिल्ले सोडतो, आणि ते पाणी जो पिईल त्याच्या पायातून वर्षाने नारू निघतो. विहीर एक आहे. पाणी सात घरे पितात.

कलम १. सदर विहीर व लगतचा पानमळा पंधरा गुंठे माझ्या नवऱ्याने मला बक्षीसपत्राने दिला. त्यावर दुसऱ्या कोणाचा हक्क नाही. दोन्ही महिपतीला मिळावे. अट अशी की, पायऱ्या दगडचुन्याने बंद करून पाणी वरून रहाटाने काढावे. नकोशीचा पाय मंगळवारी अगर कधीही त्या पाण्यात पडला, तर विहीर आणि मळा तालुका लोकल बोर्डाला जाईल व महिपतीला मोटेचा जुना दोर मिळेल.

महिपती उंबऱ्यावर बसून ऐकतो आहे. तो म्हणाला, "आये, देवीला कोर्टात वडतीस व्हय?" हेही लिहा, मास्तर. मी म्हणाले, "देवीला न्हाय रे. तुला."

कलम २. डॉक्टरांनी आमच्या विहिरीचे पाणी काचेवर घेऊन मला भिंगातून दाखवले. तिळाहून बारीक किडे उड्या मारीत होते. पानावरची चीर मला अजून हातभरावरून दिसते, तेव्हा माझ्या नजरेची शंका कोणी काढू नये. डॉक्टर म्हणाले, "आजीबाई, आता सांगा, देव खरा की भिंग?" मी विचारले, "तुमी सुई टोचायच्या आदी भिंतीवरच्या देवाच्या तसबिरीकडं का बघता?" ते म्हणाले, सवय. मग माझीही सवय राहू द्यावी. मागाहून त्यांनी कंपाउंडरपाशी मला अडाणी म्हटले ते मी ऐकले. त्यांना दर दिवाळीला मळ्यातली शंभर पाने द्यावीत. पायथ्याची, जाड आणि तिखट निवडून.

कलम ३. हे लिहिताना मास्तरांनी दोनदा लेखणी थांबवली. मी दोनदा पुढे सांगितले.

गेल्या वैशाखात माझ्याच पोटरीवर नारू फुटला होता. मी कोणाला बोलले नाही. मळ्याची बाई अंथरुणाला लागली की जो तो मालक होतो. आसरांचे दगड धुवायला जाते असे सांगून मी रोज पायऱ्या उतरले आणि गुडघाभर पाण्यात उभी राहिले. आग थांबायची. तोंडात देवीचे नाव होते, पण गेले होते पायासाठी. त्याने काय होते हे तेव्हा ठाऊक नव्हते. आता आहे. यंदा सातही घरांत नारू आहे. लोक म्हणतात, नकोशी केस मोकळे सोडून पायरीवर बसली म्हणून कोप झाला. पोरीने काही केलेले नाही. नारू पाण्यात मी सोडला. ज्याला बोल लावायचा त्याने मला लावावा. मी मेल्यावरही लावला तरी चालेल.

महिपती उंबऱ्यावरून आत सरकला. मग म्हणाला, "म्हंजी देवी न्हायच म्हन की."

"मी असं कुठं म्हनले?"

कलम ४. विहीर बांधून झाली तेव्हा माझ्या नवऱ्याने उरलेल्या दगडांतले सात निवडले आणि शेंदूर मी कालवला. चाळीस वर्षे मी त्यांना पाणी घालते आहे, आणि आता ते दगड आहेत असे म्हणायला माझी जीभ धजत नाही. बोलावल्या तेव्हा त्या आल्या. वर बोलावल्या तर वरही येतील. महिपतीने त्यांना स्वतःच्या हातांनी आणून काठावर उंबराखाली बसवावे. त्यासाठी कौल लावू नये. जे डोळ्यांना दिसले ते देवीला विचारून तिला पेचात टाकणे बरे नव्हे.

"अन् त्या रागावल्या तर?" महिपतीने विचारले. विचारताना त्याने विहिरीकडे हात जोडले, म्हणून मी त्याला हसले नाही.

"म्हातारीनं सांगितलं म्हनावं. मी काय, आज न्हाय उद्या त्यांच्याकडंच जानार हाय."

कलम ५. माझी तीन लुगडी फाडून, दुहेरी घडी करून, सात घरांना घागरीच्या तोंडाला बांधायला द्यावीत. गाळल्याशिवाय पाणी पिऊ नये. पहिला तुकडा शेजारच्या ठमाबाईला. तिच्या नवऱ्याचा, भिमाचा, नारू ओढताना तुटला आणि गुडघा कायमचा आखडला. ती साक्षीला इथेच बसली आहे आणि तिसऱ्या कलमापासून माझ्याकडे बघत नाही.

कलम ६. पान खुडताना अंगठ्यात घालायची माझी लोखंडी नखी नकोशीला द्यावी. पोरीला आता बसून पाने निवडायचेच काम, असे जो म्हणेल त्याला तिने ती टोचावी. पोर पुन्हा चालेल.

एवढे वाचून दाखवल्यावर महिपती उठला. "कागुद ठेव तुझ्यापाशी," म्हणाला, आणि नकोशीला पाठुंगळी घेऊन बाहेर पडला. मास्तर उभे राहिले. माझ्या अंगठ्याला शाई लागलेली होती, हात तसाच वर राहिला. मग बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. तो गाडी जुंपीत होता.

"कुठं रे?"

"इंदापूरला. आसरांचं काय ते आल्यावर बघू." तो माझ्याकडे न बघता बोलला.

तरी अटीतला एक शब्दही कमी करू नये. मी अंगठा उठवते.

मुक्काम निमगाव केतकी, तारीख ९ माहे मे सन १९३५, वार गुरुवार.

दगडाबाई कोम गेणबा शेंडे, निशाणी डाव्या हाताचा अंगठा.
दस्त लिहिणार, दत्तोबा मास्तर. सांगितले तसेच लिहिले.

साक्ष:
१. मोहनराव राऊत, सही दस्तुरखुद्द.
२. ठमाबाई कोम भिमा भोंग, निशाणी अंगठा. सांगून लिहविते की, दगडाबाईने जे सांगितले ते माझ्या समक्ष सांगितले. मी माफ केलेले नाही. लुगड्याचा तुकडा आजच पाहिजे, तिच्या मरणापर्यंत थांबणार नाही.