पोटाखालचा काचेचा गोळा

३ जून

चि. बारकी हिस,
आत्याचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुला पत्र लिहायचे नाही, असे तुझ्या बाबांनी आमच्या घरात पाऊल टाकतानाच मला बजावले होते आणि मी कबूल केले होते. तो शब्द आज मोडते आहे. काल सकाळी दादाने आमच्या आईला मारणारे विमान ओळखले, आणि ते शत्रूचे नव्हते.

क्रमाने सांगते. दादाच्या किडन्या गेल्या आहेत. जिना चढवेना, तेव्हा मी त्याला इकडे आणले. आमच्याकडे जास्तीची खोली एकच, ती म्हणजे तुझ्या आतोबांचा विमानतळ. नकाशा कार्यालयात जन्मभर दुसऱ्यांच्या रेषा गिरवल्या, त्याचा सूड ते आता प्लॅस्टिकवर घेतात. टेबलावर चिमटे, कानशी, रंगाच्या इवल्याशा डब्या, आणि छताला नायलॉनच्या दोऱ्यांनी टांगलेली लढाईतल्यासारखी छोटी बॉम्बफेकी विमाने. दोन्ही बाजूंची. आतोबांच्या लेखी शत्रू आणि दोस्त यांत फरक फक्त रंगाचा. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी फळीवरून फडके फिरवलेले मी पाहिले नाही, पण एकेक पंख मऊ ब्रशने झटकतात.

ज्याची आई बॉम्बने गेली तो माणूस या खोलीत झोपणार, तेव्हा हे सगळे उतरवा, असे मी सांगितले. ते स्टूल घेऊन चढलेही. दादाच म्हणाला की राहू द्या, प्लॅस्टिकला भ्यायला मी काही कुक्कुलं बाळ नाही.

एक गोष्ट आमच्या दोघांच्याही डोक्यात आली नाही. आपण ही विमाने टेबलावर वरून बघतो. दादा उताणा पडून असतो. त्याला दिसतात ती पोटे, जमिनीवरून दिसतात तशी. काल मी गोळ्या देत असताना त्याने बोट वर केले आणि म्हणाला, हेच ते.

आईने त्याला रस्त्याकडेच्या गटारात ढकलले, मी तान्ही त्याच्या काखेत, आणि ती आजीला आणायला मागे वळली, ही हकिकत तू लहानपणापासून ऐकली आहेस. वर पाहिले तर विमानाच्या पोटाखाली काचेचा गोळा, आणि त्यात गुडघे पोटाशी घेऊन बसलेला माणूस. दादाचे बोट त्याच गोळ्याकडे होते. आतोबांनी त्यात तेवढासा माणूससुद्धा बसवला आहे.

आतोबांचा चेहरा उतरला. मला बाजूला घेऊन म्हणाले की असा गोळा शत्रूच्या विमानांना नव्हता, ही आपल्या बाजूची. शत्रू नदीपलीकडे येऊन ठेपला होता, त्याच्यावर टाकायचे बॉम्ब अलीकडे पडले असणार. चौकातल्या दगडावर आईच्या नावाच्या वर ‘शत्रूच्या हल्ल्यात’ असे कोरले आहे, ते तुला माहीत आहे.

त्याच दगडापायी तुला दार बंद झाले. लढाई संपल्यावर जन्मलेल्या माणसाशी तू लग्न केलेस, पण तो त्या देशाचा. दादाने त्याचे नाव कधी घेतले नाही, ‘बॉम्बवाला’ म्हणत राहिला आणि तुझी पत्रे न फोडता परत पाठवत राहिला. म्हणून सगळ्यांआधी तुला विचारते. डॉक्टरांनी फार दिवस दिलेले नाहीत. दादाला सांगू का नको? उत्तर पत्रानेच दे. फोन त्याच्या दाराशी आहे आणि कान अजून तिखट आहेत.

आशीर्वाद न मागताही आहेतच. उत्तर मात्र लांबवू नकोस.

तुझी,
आत्या

१५ जून

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

पाकिटावरचं अक्षर बघून मी आधी उभीच राहिले. तीस वर्षं ऑफिस चालवलेल्या बाईचं पत्र, मेमोच असणार असं वाटलं. वाचल्यावर खाली बसले.

त्या गोळ्यातल्या माणसाबरोबरच मी वाढले, आत्या. ताटातलं टाकलं की तो, अभ्यास केला नाही की तो. त्यांच्या आईला त्याने बघितलं होतं आणि तरी खटका दाबला होता, असं बाबा सांगायचे. माझ्या लग्नाचं कळलं तेव्हा ते म्हणाले, हा त्याचाच पोरगा नाही कशावरून? पुढे एकदा मी मुलीला कडेवर घेऊन गेले होते, ते तुला कुणी सांगितलं नसेल. दार वाजवल्यावर आतून रेडिओ मोठा झाला. गाण्यांचा कार्यक्रम संपेपर्यंत जिन्यात बसले आणि निघाले.

तेव्हा सांग. मऊ करून सांगू नकोस. माझ्या नवऱ्याच्या माणसांनी माझ्या आजीला मारलं नाही, हे बाबांच्या कानांनी ऐकलेलं मला हवं आहे. फक्त आतोबांची खात्री आहे ना, तेवढं बघ. बाबा तेव्हा आठ वर्षांचं पोर, गटारात, घाबरलेलं.

बाबांनी बोलावलं तर मिळेल त्या गाडीने येईन. न बोलावता त्या माणसाच्या दारात मी पुन्हा उभी राहणार नाही.

आतोबांच्या हवाई दलाला माझा सलाम. तू माझी आहेस म्हणून एवढं चिडून लिहिलं, सांभाळून घे.

तुझी,
बारकी

१ जुलै

चि. बारकी हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

खात्रीचे आधी. आतोबांना तू सांगायची गरज नव्हती. त्यांनी ते विमान काढून त्याच आकड्याला शत्रूचे टांगले, काही न बोलता. दादाने बघितले आणि म्हणाला, हे काय सपाट पोटाचे लावले, काढा. दुसरे लावले. तेव्हा दादा वैतागला आणि विचारू लागला की नकाशेवाले, माझी परीक्षा घेताय का, की सगळी जत्रा एकदाच दाखवताय? पहिले परत लावले तेव्हा गप्प झाला. आतोबा म्हणाले, संपले, यात शंका नाही.

बुधवारी अंग पुसून झाल्यावर मी दादाला सांगितले. तू म्हणालीस तसेच, मऊ न करता. त्याने आतोबांकडे पाहिले. त्यांनी चित्रांचे पुस्तक उघडून समोर धरले. दादाने ते हाताने दूर केले आणि भिंतीकडे तोंड करून दे म्हणाला.

दुपारी त्याने आतोबांना बोलावून सांगितले की त्या विमानाचा गोळा कापून टाका. आतोबा नाही म्हणाले. चाकाचे झाकण चुकले म्हणून हाताशी आलेले अख्खे विमान फेकून देणारा माणूस तो. म्हणाले, खोटे विमान मी या घरात टांगणार नाही. दादा म्हणाला, मग खोटा दगड चौकात चालतो का तुम्हाला? तरी आतोबांनी कापायचे पाते हातात घेतले नाही. विमान उतरवून ठेवते म्हटले तर दादा तेही करू देत नाही. त्याला ते तिथेच हवे आहे, पण गोळ्याशिवाय. तेव्हापासून एक पलंगावर आणि एक स्टुलावर, मध्ये थिनरचा वास, आणि दोघांचेही बोलणे माझ्यामार्फत.

आता तुझे. बारकीला बोलावू का, असे मी स्पष्ट विचारले. मला वाटले होते, रागाचे कारण गेले की दार उघडेल. उलटेच झाले. दादा म्हणाला की विमान त्यांचे होते तोवर मी कुणाचे वाईट केले नव्हते. आता पोरीला कोणत्या तोंडाने बघू? तिला येऊ देऊ नकोस. तुझे नाव काढले की तो वर बघतो आणि डोळे मिटून घेतो. जेवण निम्म्यावर आले आहे.

हे साखर लावून लिहिता आले असते, पण ते माझ्याच्याने होत नाही. जीवाला लावून घेशील हे माहीत आहे. तरी नीट जेव आणि मला दोन ओळी टाक.

तुझी,
आत्या

१२ जुलै

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र हातात घेऊन मी दिवसभर घरातून फिरले. भांडायला कुणी नव्हतं. आमचे हे वह्या तपासत राहिले.

मला बरोबर ठरायचं होतं, ते ठरले. आता ते घेऊन काय करू? बाबा मेल्यावर चौकात जाऊन दगडाला सांगू?

आतोबांना माझा निरोप सांग. गोळा काढा. विमान खोटं झालं तर ते माझ्या नावावर लावा, बारकीने करायला लावलं म्हणा. बाबांना जे विमान हवं ते असू दे, शत्रूचं तर शत्रूचं. त्यांच्या तोंडून काही ऐकायचं नाही मला, माफी तर नाहीच. ते आहेत तोवर मला त्या खोलीत बसायचं आहे, बस.

लवकर कळव. माया आहे ना अजून? असू दे.

तुझी,
बारकी

२१ जुलै

चि. बारकी हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझे पत्र मी आतोबांच्या हातात दिले. त्यांनी चष्मा पुसून ते वाचले आणि घडी करून खिशात घातले. मग स्टुलावर चढून विमान उतरवले. गोळा धारदार पात्याने कापला, भोकावर पातळ पत्रा बसवला, पुट्टी भरली, वाळल्यावर घासली आणि पोटाचाच रंग दिला. सांधा मला दाखवूनही दिसला नाही. हे काम त्यांनी ज्या तोंडाने केले, ते तोंड मी त्यांच्या आईच्या आजारपणानंतर पाहिले नव्हते. पण काम चोख केले.

परत टांगल्यावर दादा पुष्कळ वेळ बघत राहिला. म्हणाला, आता हे ते नव्हे. आतोबा म्हणाले, नव्हे. एवढेच बोलणे झाले, पण थेट झाले.

काल सकाळी तोंड धुवून देताना म्हणाला, बोलाव तिला. नवऱ्याबद्दल काही बोलला नाही, तेव्हा एकटीच ये. डॉक्टर मान हलवतात. हे पत्र पोचेल त्या दिवशी निघ. फोन करून विचारत बसू नकोस.

भेटल्यावर ओरडेनच, म्हणून इथे आशीर्वाद देऊन ठेवते.

तुझी,
आत्या

९ सप्टेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. तिथे असताना बोलायला जमलं नाही, आणि नंतर इतकी माणसं आली की तुझ्याशी चार शब्द धड झाले नाहीत. म्हणून लिहिते.

मी आले त्या दिवशी बाबांनी विचारलं, गाडीत मळमळलं का? लहानपणी मला व्हायचं ते. मी नाही म्हटलं. मी खुर्चीत बसले की त्यांना मान वळवावी लागायची आणि ते दुखायचं, म्हणून मी पलंगाशेजारी जमिनीवर चटई टाकून आडवी झाले. तू बघून म्हणालीस, हे काय, रुग्ण कोण आहे इथे? पण त्याने बरं झालं. दोघंही वर बघत होतो, एकमेकांच्या तोंडाकडे बघावं लागत नव्हतं.

तू आत भांड्यांवर राग काढत होतीस तेव्हा बाबा मला एकेक विमान सांगू लागले. हे कुणाचं, याला इंजिनं किती. आतोबांकडून ऐकून पाठ केलं होतं. मग त्या विमानापाशी आले आणि म्हणाले, याच्या पोटाला गोळा होता, मी काढायला लावला. तुझे आतोबा भला माणूस, पण त्यांना त्रास झाला. मला माहीत आहे हे मी बोलले नाही. बाबा म्हणाले, आपलंच होतं ते, बारके. आपल्याच माणसांचं.

मग ह्यांच्याबद्दल विचारलं, त्याच्या घरातलं कुणी गेलं का लढाईत? आत्या, इतक्या वर्षांत त्यांनी विचारलं नव्हतं म्हणून मीही सांगितलं नव्हतं. ह्यांची आजी गेली. अंगणात कपडे वाळत घालत होती. ह्यांच्या शहरावर आली ती याच जातीची विमानं, याच गोळ्याची. मी सांगितलं.

बाबांनी तिचं नाव विचारलं. मी सांगितलं. त्यांच्या जिभेला ते वळेना, चुकीचं म्हणाले, मी दुरुस्त केलं, पुन्हा चुकलं. मग नीट म्हणाले. त्यानंतर पाणी मागितलं आणि डोळे मिटले. पुढचं तू पाहिलंसच. एवढंच होतं. माफी नाही, डोक्यावर हात नाही. पण नाव नीट म्हणाले.

घरी आल्यावर ह्यांना सांगितलं. ते ताटं धुवायला उठले आणि नळ सोडून नुसते उभे राहिले. आज म्हणाले की ते विमान आपल्याकडे मागव. आतोबा देतील का?

तुझ्याशिवाय आता त्या बाजूला मला कुणी नाही. आठवण ठेव.

तुझी,
बारकी

२५ सप्टेंबर

चि. बारकी हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझे पत्र आतोबांना मोठ्याने वाचून दाखवले. विमान देतील का असे विचारू नकोस, ते देण्यासाठी दोन दिवस खोका तयार करत बसले होते. खोलीतली बाकीची उतरवली नाहीत. पलंग काढला, पण अधूनमधून दुपारचे जमिनीवर उताणे पडून वर बघत असतात.

दादाची शेवटची सेवा करणारी नर्स तुमच्या शहरात नोकरीला येते आहे. वस्तू तिच्या हाती दिल्या आहेत. मोजून घे आणि पोचल्याची सही तिच्याकडे दे. दादाच्या नातीला घेऊन ये. मला मुले फार आवडत नाहीत, पण तिला बघायचे आहे. लोभ काय सांगायचा, आहे तो आहे.

तुझी,
आत्या

नर्सच्या हाती दिलेले:

दादाचे मनगटी घड्याळ, चालू.

तपकिरी स्वेटर, धुतलेला. उजव्या कोपराला मी रफू केले आहे.

आईचा फोटो, काच काढून, दोन पुठ्ठ्यांत.

विमान एक, खोक्यात, भोवती कापूस. उजव्या पंखाची टोकाची पट्टी नाजूक आहे, तिथे धरू नये.

गोळा एक, वेगळा, आगपेटीत. आतोबांना तो परत बसवूनच द्यायचा होता. मी थांबवले, काढायला तू सांगितलास, बसवायचा की नाही तेही तुम्ही दोघे ठरवा. आतला माणूस जागेवर आहे.