पोलिसांवर दावा

लंडन, ८ ऑगस्ट १९७१

ती. सिप्पोराताईस गर्शोनचा शालोम. वि. वि.

मी आणि ईवा ठीक आहोत. शिंक आली की बरगडी अजून बोंबलते, एवढंच. मॅजिस्ट्रेटने माझ्यावरचा चार्ज उडवून लावला, हे फोनवर सांगितलंच. शनिवारचा शब्बाथ पाळायचा म्हणून आपल्या खिशात ना पैसा, ना किल्ली, ना कागद. तर तो शिपाई म्हणे, रिकाम्या खिशाने फिरणारा माणूस गाड्या चोरायलाच आलेला असणार! काय अक्कल!

ताई, मी पोलिसांवर दावा लावतोय. सॉलिसिटर म्हणतो, काही वर्षांपूर्वी कायदा झालाय, शिपायाने अन्याय केला तर त्याच्या सर्वांत वरच्या साहेबाला कोर्टात जबाबदार धरता येतं. पण बघणारी तू एकटीच. जूनमध्ये इकडे आली होतीस तेव्हा सिनेगॉगमधून माझ्याबरोबर तूच चालत होतीस. त्या शिपायाने मला भिंतीवर आपटलं तेव्हा मी बोटही उचललं नव्हतं, एवढं सांगायला ये. भाऊजींना विचारून कळव.

माया आहे तशीच राहू दे.

तुझा गर्शोन

---

लेस्टर, १७ ऑगस्ट १९७१

चि. गर्शोन यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आल्यापासून दोनदा दूध उतू गेलं. ह्यांना विचारलं. हे पेपरातून मान वर न करता म्हणाले, इथले पोलीस आपल्याला सर म्हणतात, त्यांच्याशी वैर कशाला? शिवाय हॉस्पिटलात ह्यांच्या प्रमोशनचं चाललंय. नाहीच म्हणाले.

मला राग येत नाही असं नाही रे. ते तुझं डोकं आपटल्याचा आवाज अजून कानात आहे. पण राहायचंय इथेच ना आपल्याला? पोलीस समेटाला तयार आहेत असं ईवाने लिहिलंय. तू जन्माचा हेकट. एकदा तरी ऐक आणि मोकळा हो. रोज हळदीचं दूध घे, नाक मुरडू नकोस.

रागावलास तरी पत्र टाक.

तुझी ताई

---

लंडन, ५ सप्टेंबर १९७१

ती. ताईस शालोम.

समेट कसला डोंबलाचा! "चुकलं" एवढा एक शब्द लिहायला ते तयार नाहीत. उलट मीच लिहून द्यायचं, की पुन्हा तोंड उघडणार नाही. मी गप्प बसलो तर तो शिपाई उद्या दुसऱ्या कुणाला धरेल, आणि त्याच्या केसालाही धक्का लागणार नाही.

रस्त्यात पोलिसाचं हेल्मेट दिसलं की मी पलीकडच्या फुटपाथवर जातो, आणि मग स्वतःचीच चीड येते. ईवा म्हणते, मी घरातही येरझाऱ्या घालतो. तारीख नोव्हेंबरात आहे. तू आली नाहीस तर केस उभी राहायची नाही, हे स्पष्टच सांगतो.

माझ्या तक्रारीची चौकशीही चाललीय. कोण करतंय? पोलीसच! त्यांचा एक साहेब तुझ्याकडेही येणार आहे. पाज त्याला चहा.

ओढ आहे म्हणूनच भांडतो.

गर्शोन

---

लेस्टर, २३ सप्टेंबर १९७१

चि. गर्शोन यास आशीर्वाद, आपल्या यहुदी नव्या वर्षाचे वेगळे.

काल तुझा तो साहेब आला. मोठा गोड माणूस! सणाचा गव्हाच्या चिकाचा हलवा उरला होता, तो दोनदा मागून घेतला. मी सगळं सांगितलं, त्याने लिहून घेतलं आणि वाचून दाखवलं, तर काय! हात आधी माझ्या भावाने उगारला म्हणे. असं मी बोललेच नाही म्हटलं, तर हसून म्हणतो, मॅडम, तुम्ही घाबरला होता, नीट दिसलं नसेल. जूनच्या भर उन्हात, तुझ्यापासून हातभर अंतरावर, मला दिसलं नाही! आणि आपले हे? शेजारी बसून यस सर, यस सर!

माझं अंगच पेटलं. हलव्याची बशी उचलून आत नेली, बाहेर आले आणि सही करणार नाही म्हणून सांगितलं. तो गेल्यावर हे गरजले, प्रमोशन बुडालं म्हणून. बुडू दे.

ईवाला सांग, माझं अंथरूण घालून ठेव. तारखेला मी कोर्टात उभी राहणार. या वेळी ह्यांना विचारलं नाही, सांगितलं.

तुझी
सिप्पोरा