हातात बसेल असं पिस्तूल

२ नोव्हेंबर, सोमवार

नेमबाजी क्लबातलं जुनं हवेचं पिस्तूल आज मेलं! चाप ओढला तर छर्रा नळीतून बाहेर पडून तीन पावलांवर टपकन खाली. दहा मीटरवरचा कागद कोराच. डॉक्टरीणबाई — दातांच्या, माझ्या शेजारच्या नेम धरायच्या पट्टीत उभ्या असतात — इतक्या हसल्या की त्यांचाही नेम गेला. मास्तरांनी पिस्तूल कानाशी धरून हवा कुठून सुटते ते ऐकलं. म्हणाले, "सुईदोरा, ह्याचं आयुष्य संपलं. आता स्वतःचं घ्या. किती दिवस क्लबाच्या हत्यारावर काढणार?"

मला ते सुईदोरा म्हणतात. रायफलवाल्यांची जाड कॅनव्हासची जाकिटं उसवली की माझ्याकडेच येतात. असंच एक जाकीट पोचवायला गेले होते दोन वर्षांमागे, तर मास्तर म्हणाले, एक मारून बघा. मारला. कागदाच्या मधल्या काळ्यात लागला. तेव्हा हे जाऊन वर्ष झालं होतं. नेम धरताना क्षणभर श्वास रोखायचा असतो, आणि तेवढा वेळ डोक्यात काही म्हणजे काही नसतं. त्याचीच चटक लागली.

विक्रेता चार नमुने पाठवणार आहे, वापरून बघायला. सत्तावीसला क्लबाची मागणी जाते, वर्षातून एकदाच. माल यायला तीन महिने. स्वतःचं पिस्तूल असल्याशिवाय पन्नाशीपुढच्या बायकांच्या संघात जागा नाही. संघ तिघींचा, सामना मार्चात.

४ नोव्हेंबर, बुधवार

लेकीला फोनवर सांगितलं. "आई, लोक ह्या वयात गुडघे बदलतात. तू पिस्तूल बदलतेस!" खूप हसली. मग आवाज बदलून म्हणाली, "खोली रंगवून झाली. तुझ्या पुस्तकांना फळी ठोकलीय. आता नाही म्हणू नकोस हं."

शिवणाचं दुकान आणि वरच्या दोन खोल्या यांचा भाडेकरार तीस तारखेला संपतो. करार वाढवायचा, की सगळं आवरून तिच्याकडे कायमचं जायचं, ते तिला तोवर हवंय. तिच्या गावात क्लब आहे का विचारलं. म्हणाली, "क्लब नाही, पण चालायला छान बाग आहे."

बाग!

म्हणजे हिशेब सरळ आहे. पिस्तूल मागवलं तर राहायचं. नाही मागवलं तर जायचं. सरळ आहे, तरी दोनदा लिहून बघितला.

७ नोव्हेंबर, शनिवार

चार नमुने आले. टेबलावर ओळीने मांडले आणि आम्ही बायका भोवती — स्थळं बघायला बसल्यासारख्या!

पहिलं रुबाबदार पण जड. दोन मिनिटांत दंड भरून आला. दुसरं इतकं हलकं की माझी नाडी त्याच्या टोकावर उडताना दिसते. तिसऱ्याची मूठ पैलवानाच्या पंजासाठी घडवलेली, माझी बोटं आत हरवली. चौथं देखणं. त्याचा चाप असा की मनात आलं की सुटतं.

डॉक्टरीणबाईंनी चौथं उचललं आणि "हेच!" म्हणून मोकळ्या.

"अहो, असं एका दिवसात?"

"नवराही एका दिवसातच निवडला होता."

"मग?"

"तो चुकला. म्हणून काय निवडायचंच सोडू?"

मास्तर कागद मोजायचं सोडून खाली मान घालून हसत होते.

मी चारही वहीत उतरवून घेतली — वजन, मूठ, चाप, नेमाची खाच. मी कधी एका दिवसात काही निवडलेलं नाही. खरं तर कधी फारसं निवडलेलंच नाही. लग्न वडिलांनी ठरवलं, दुकान ह्यांनी शोधलं, मशीन सासूबाईंचं.

१० नोव्हेंबर, मंगळवार

चारही पुस्तिका घरी आणून वाचल्या. बारीक अक्षर, पण मला त्याची सवय आहे. शाळा चौथीतच सुटली. पुढचं वाचन शिकले ते कपड्याचे कागदी नमुने कापायच्या रद्दीवर. बातमी रंगात यायची आणि नेमकी तिथेच बाहीची गोलाई! पुढे काय झालं ते कधीच कळायचं नाही. त्या रागाने वाचनालयात नाव घातलं. पुरं पान वाचायला मिळावं म्हणून.

पुस्तिकेत लिहिलंय, "पिस्तूल हाताचा भाग वाटले पाहिजे." लिहिणाऱ्याने कुणाचा हात बघितला होता कोण जाणे.

१२ नोव्हेंबर, गुरुवार

गंमत सांगण्यासारखी नाही, पण आहे. चारही पिस्तुलांवर तेच होतंय. पहिले दहा छर्रे मधोमध. अकराव्यापासून एकेक डावीकडे सरकायला लागतो. विसाव्याला तर सगळा घोळका कागदाच्या डाव्या काठाशी, सावलीला बसलेल्या बकऱ्यांसारखा.

मास्तर म्हणतात, मूठ बसत नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात, मनगट. मी म्हणते, पिस्तूल. पण चारही कशी वाईट असतील?

१४ नोव्हेंबर, शनिवार

आज माझी फजिती.

अंगाला कपडा बसत नसेल तर कपडा उसवायचा, माणूस नाही — चाळीस वर्षं हाच धंदा. म्हणून तिसऱ्या पिस्तुलाच्या मुठीला मऊ चामड्याचा अभ्रा शिवला. आतून अस्तर, अंगठ्याला वेगळं घर, मनगटाला पट्टा आणि बक्कल. टाके असे की कुठे दिसू नयेत. हात आत सरकवला — काय बसला! मिजाशीत पट्टीवर गेले.

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "हे काय?"

"मूठ बसत नव्हती ना."

"सुईदोरा, मनगटाला आधार दिला तर सामन्यातून बाहेर काढतात. हा पट्टा म्हणजे सरळ सरळ लबाडी!"

"मग बक्कल काढते."

"आणि पिस्तुलाला कोट शिवलात तो?"

सगळी पट्टी हसली. मीही हसले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. अभ्रा डॉक्टरीणबाईंनी मागून घेतला, चष्म्यासाठी.

आणि तो घालूनही छर्रे डावीकडेच गेले होते. ते मात्र कुणाला सांगितलं नाही.

१५ नोव्हेंबर, रविवार

लेक — "ठरलं का आई?" मी — "अजून माप घेतेय."

१७ नोव्हेंबर, मंगळवार

कळलं! पहिल्यापासून नीट लिहिते.

एका रायफलवाल्याचा खांद्याचा पट्टा सुटला होता. तिथेच बाकावर बसून टाके घालत होते. दोरा संपला, दुसरा ओवला. डॉक्टरीणबाई समोर उभ्या. म्हणाल्या, "थांबा. परत ओवा."

"का? नीट ओवलाय."

"ओवा हो!"

ओवला.

"तुम्ही उजवा डोळा मिटता."

"मग?"

"मग पट्टीवर डावा का मिटता?"

का म्हणजे? मास्तरांनी पहिल्या दिवशी सांगितलं, उजव्या हातात पिस्तूल, उजव्या डोळ्याने बघा. मी बघितलं. डावा डोळा आवळून धरते. दहा छर्रे आवळला जातो, मग दमतो. दमला की किलकिला होतो आणि कारभार हातात घेतो.

मास्तरांना हाक मारली. त्यांनी दोन्ही तळहात जोडून मधे भोक करायला लावलं, त्यातून भिंतीवरचं घड्याळ बघा म्हणाले. बघितलं. उजवा डोळा मिटला, घड्याळ तिथेच. डावा मिटला तर घड्याळ गायब! नुसती भिंत.

मास्तर कपाळावर हात मारून बाकावर बसले. "दोन वर्षं. दोन वर्षं माझ्या लक्षात आलं नाही. पहिल्याच दिवशी बघायची गोष्ट ही! तुम्ही पहिला छर्रा काळ्यात मारलात आणि मी हुरळलो." मग हळूच विचारलं, "लहानपणी डावखुऱ्या होतात का?"

मी म्हटलं, "होते. काढली ती सवय."

१८ नोव्हेंबर, बुधवार

आत्याने काढली. शाळेत जायच्या आधी, उन्हाळाभर. डावा हात फडक्याने कमरेला बांधायची. मारायची नाही. बांधायची आणि गोष्टी सांगायची, म्हणून तिचा राग नीट करताही आला नाही. शाळा उघडली तोवर मी उजवी झाले होते. कात्री उजवी, सुई उजवी, सही उजवी. मीच विसरून गेले.

आज दिवसभर एकच आठवतंय. हे चहाचा कप नेहमी माझ्या डाव्या बाजूला ठेवायचे. शिवत असले की मशीनच्या डावीकडे, जेवताना ताटाच्या डावीकडे. मी करवादायचे — "सांडेल ना! सरळ हाताशी ठेवता येत नाही?" आणि सरकवून उजवीकडे घ्यायचे. ह्यांनी कधी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी परत डावीकडे.

त्यांना दिसलं होतं. कधी बोलले नाहीत. मी विचारलंही नाही.

दुपारी दुकान बंद ठेवलं. गिऱ्हाइकाला सांगितलं, डोकं दुखतंय.

१९ नोव्हेंबर, गुरुवार

डाव्या हाताने पहिला दिवस. शिकाऊ पोरींसाठी दोन्ही हातांना चालणाऱ्या मुठीचं एक पिस्तूल आहे, ते घेतलं. हात काठीसारखा. छर्रे कागदभर, तीळ उधळल्यासारखे! दोन तर शेजारच्या कागदावर. डॉक्टरीणबाई — "थँक्यू हं, माझे गुण वाढले."

पण तीस मारले, आणि तिसावाही पहिल्याच्या आसपास. कुठेच सरकला नाही. मास्तरांनी कागद उजेडात धरला. म्हणाले, "वाईट आहे. पण खरं आहे."

२१ नोव्हेंबर, शनिवार

आज मास्तरांनी सरळ सगळं मांडलं. डाव्या मुठीचं पिस्तूल चारांत एकच कंपनी करते, पहिल्या, जड पिस्तुलाची. नमुना मिळणार नाही; न बघता मागवायचं. आणि डावा हात तयार व्हायला वर्ष. मार्चाच्या सामन्यात मी नसेन. माझी जागा क्लबात येणाऱ्या पोस्टातल्या बाईंना जाईल. उजवं मागवलं तर जागा राहते. डाव्या डोळ्यावर पट्टी लावायची, पट्टीला नियमाची हरकत नाही, गुण बेताचे पडतील पण पडतील.

"तुम्ही काय कराल?" विचारलं.

"मी उजवाच आहे. मला काय विचारता?"

पट्टी लावून बघितली. छर्रे मधोमध! मोठ्याने हसावंसं वाटायला हवं होतं. डोळा बांधलेला, काळोखात धुमसत बसलेला. पुन्हा बांधायचं! काढून टाकली.

२२ नोव्हेंबर, रविवार

लेकीने खोलीचा फोटो पाठवला. खिडकीला पडदे, फळीवर माझ्यासाठी घेतलेली दोन नवी पुस्तकं. किती नीट लावलंय पोरीने. बघत बसले. तिथे मी सुखात राहीन यात शंका नाही. तीच तर पंचाईत आहे.

२४ नोव्हेंबर, मंगळवार

इस्त्री डाव्या हातात धरून भिंतीसमोर उभी राहते, हात सरळ, साठ आकडे. आज बेचाळीसपर्यंत गेले. गिऱ्हाईक आत आलं आणि तसंच मागे फिरलं!

२६ नोव्हेंबर, गुरुवार

पोस्टातल्या बाईंना मीच सांगितलं, मार्चात तुम्ही. त्या लाजल्या, मग म्हणाल्या, "तुम्ही रागावला नाहीत ना?" रागावले होते. तरी म्हटलं, "क्लबाचा शर्ट आणा तुमचा, पाठीत ढगळ आहे. घट्ट करून देते."

२७ नोव्हेंबर, शुक्रवार

मागणीचा कागद. मास्तरांनी पेन पुढे केलं. पहिलं पिस्तूल. मूठ — डावी. माप — लहान. न बघता, न धरता. माझ्या आयुष्यातली सगळ्यांत मोठी निवड, आणि ती वस्तू अजून कुठल्या तरी कारखान्यात लाकडाचा ठोकळा असेल.

डॉक्टरीणबाई — "एका दिवसात निवडलंत की!"

"अठ्ठावन्न वर्षांत," मी म्हटलं.

तिथून सरळ मालकाकडे गेले आणि कराराचं बोलून टाकलं. तीन वर्षांसाठी. आता लेकीला सांगायचं राहिलं.

२९ नोव्हेंबर, रविवार

काल संध्याकाळी सांगितलं. येत नाही म्हणून. ती रडायलाच लागली. म्हटलं, चिडू नकोस ग. तर म्हणे, "चिडले नाहीये. बाबांना कबूल केलं होतं मी, दवाखान्यात, शेवटच्या दिवशी. आईला एकटी ठेवणार नाही म्हणून. तीन वर्षं धड झोप नाही मला."

मला हे माहीतच नव्हतं. मी म्हटलं, "त्यांना कबूल केलं होतंस ना? मग त्यांच्या वतीने मी सोडते तुला. जा, झोप."

आत्ता जावयाचा फोन. "आई, काय सांगितलंत हिला? दुपारचे दोन वाजले, अजून उठली नाही!"

म्हटलं, उठवू नका.